लिली, सायकस, मनीप्लांट: घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कोणती झाडं ठेवावीत?

वाढदिवसाला आलेल्या फुलांच्या गुच्छात बहुतेक वेळा जरबेरा असतात, गुलाब असतात, एखादी ऑर्किडची काडी असते आणि मधोमध दोन-तीन मोठ्या लिली. यातलं जरबेरा, गुलाब किंवा ऑर्किड घरच्या मांजराने चावलं तर फार तर एखादी उलटी होईल. लिलीचं तसं नाही. तिचे परागकण मांजराच्या अंगावर सांडले आणि त्याने ते चाटून साफ केले, एवढंही त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायला पुरतं. गुच्छ ज्या पाण्यात ठेवला होता ते पाणी प्यायल्यानेही हे होऊ शकतं. त्याच घरातल्या कुत्र्याने तीच लिली खाल्ली तर त्याचं पोट बिघडतं आणि बहुतेकदा तेवढ्यावरच भागतं.

पाळीव प्राण्यांसाठी विषारी झाडांच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्यांची अडचण इथे आहे. त्यांत लिली आणि मनीप्लांट एकाच ओळीत बसलेले असतात. शंभर-दीडशे नावांची यादी वाचून माणूस एकतर घाबरून सगळ्या कुंड्या काढून टाकतो, नाहीतर 'आमचा मनीप्लांट दहा वर्षं आहे, काही झालं नाही' असं म्हणत यादीच सोडून देतो. झाड विषारी आहे का, हा प्रश्न तसा अर्धाच आहे. कोणत्या प्राण्याला, झाडाचा कोणता भाग, किती खाल्ला तर आणि त्याने काय होतं, हे कळलं की यादी बरीच लहान होते. घरात येऊच द्यायला नकोत अशी झाडं मोजकी आहेत. बाकीच्यांची जागा बदलली तरी बरंच काम होतं.

'जनावराला आपोआप कळतं' हे खरं का?

काही प्रमाणात. रानात चरणारं जनावर कडू, उग्र वासाचं पान टाळतं. पण हा अंदाज पक्का नसतो. ज्वारीच्या कोवळ्या धाटांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि अशा ज्वारीत शिरलेली गुरं दगावतात, हे शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको. हजारो पिढ्या चारा खाणाऱ्या गाईची ही गत, तर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रेडॉरकडून काय अपेक्षा ठेवायची? त्यातून तीन ते सहा महिन्यांचं पिल्लू दात येत असल्यामुळे चप्पल, खुर्चीचा पाय आणि कुंडीतलं खोड यांत भेदच करत नाही.

मांजराची गोष्ट आणखी वेगळी. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. वनस्पतींतली अनेक रसायनं मोडून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची जी यंत्रणा माणसात आणि कुत्र्यात चांगली चालते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजरात अगदी क्षीण असतो. म्हणूनच माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. शिवाय ते दिवसभर अंग चाटतं, त्यामुळे केसांवर पडलेलं काहीही पोटात जातं. आणि तरीही मांजरं गवत, पानं चघळतातच. ही सवय आजारपणाचं लक्षण नसून त्यांच्यात उपजत असते, असं आता मानलं जातं. म्हणजे घरात हिरवं काही असेल तर मांजर कधी ना कधी त्याला तोंड लावणार, हे धरूनच चालायला हवं.

घरात नकोच अशी झाडं

मांजर असलेल्या घरात पहिला क्रमांक खऱ्या लिलीचा. खरी म्हणजे 'लिलियम' या कुळातली: बाजारात एशियाटिक, ओरिएंटल या नावांनी मिळणारी, मोठ्या पाकळ्यांची, लांब पुंकेसरांवर तपकिरी-केशरी परागकण असणारी. बागेत लावली जाणारी डे-लिलीही तितकीच घातक. पान, फूल, देठ, पराग, सगळंच विषारी. नेमकं कोणतं रसायन हे करतं ते अजून ओळखता आलेलं नाही, त्यामुळे त्यावर उतारा नाही. खाल्ल्यानंतर काही तासांत उलट्या सुरू होतात, मांजर मलूल होतं. पुढे उलट्या थांबल्यासारख्या वाटतात आणि घरच्यांना हायसं वाटतं, पण मूत्रपिंडांची हानी आत चालूच असते. एक ते तीन दिवसांत ती निकामी होतात. पहिल्या काही तासांत शिरेतून सलाइन सुरू झालं तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. अठरा तास उलटून गेले की ती झपाट्याने घटते. त्यामुळे 'सकाळपर्यंत बघू' हा निर्णय इथे महागात पडतो. गुच्छ आला की लिली बाजूला काढून कोणाला तरी देऊन टाकावी. फक्त पुंकेसर कापून भागत नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत हे स्थान सायकसचं आहे. बंगल्यांच्या दारात, हॉटेलांच्या लॉबीत दिसणारं, जाड खोडाचं आणि वर कडक, पिसासारख्या पानांचा झुपका असलेलं हे झाड 'सागो पाम' म्हणूनही विकलं जातं. खरं तर ते पाम नाही आणि आपल्या साबुदाण्याशीही त्याचा संबंध नाही. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. सायकसमधलं सायकासिन हे द्रव्य यकृतावर घाला घालतं. सगळ्यात जास्त विष त्याच्या बियांमध्ये असतं. या केशरी-लाल, सुपारीपेक्षा मोठ्या बिया कुत्र्याला चेंडूसारख्या वाटतात आणि एक-दोन बियाही जीवघेण्या ठरू शकतात. उपचार मिळूनही बरेच कुत्रे वाचत नाहीत. बिया येत नसलेलं झाडही सुरक्षित नाही, कारण पानं आणि खोडही विषारीच असतात.

तिसरा गट हृदयावर परिणाम करणाऱ्या झाडांचा आणि तो महाराष्ट्रात अगदी दारादारांत आहे: कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, रुई आणि हल्ली गच्चीवर हौसेने लावलं जाणारं अडेनियम. माणसाच्या हृदयविकारावर दिलं जाणारं डिगॉक्सिन ज्या प्रकारचं रसायन आहे, त्याच प्रकारची रसायनं या झाडांत असतात. औषधाचा डोस मोजून दिला जातो, पानातला कोण मोजणार? कुत्र्याने कण्हेरीची पानं चघळली तर आधी लाळ आणि उलट्या, मग हृदयाचे ठोके मंदावणं किंवा अनियमित होणं असा क्रम असतो. पान वाळल्यावरही विष जात नाही. महामार्गांच्या दुभाजकावर कण्हेर निर्धास्त वाढते, कारण तिला पाणी कमी लागतं आणि गुरं तिच्या वाटेला जात नाहीत. पण छाटलेल्या फांद्या इतर पाल्यात मिसळून गाई-शेळ्यांपुढे पडल्या तर त्यांना निवड करता येत नाही. सोसायटीच्या माळ्याला हे एकदा सांगून ठेवायला हवं.

पानफुटी आणि तिची रंगीत फुलांची नातलग कलांचो यांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, विशेषतः फुलांत. मुतखड्यावर औषध म्हणून पानफुटी अनेक घरांत असते. ती काढून टाकलीच पाहिजे असं नाही, पण कुत्र्याच्या तोंडाशी येणाऱ्या कुंडीत नको.

देवघरातली पानं-फुलं

गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये कण्हेर, रुई आणि धोत्रा तिन्ही आहेत. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ असते. यात काही गैर नाही, फक्त पूजा झाल्यावरचं निर्माल्य कुठे पडतं एवढं पाहायचं. पाटाखाली सरकलेलं पान, दाराशी ठेवलेली निर्माल्याची पिशवी, त्यात नैवेद्याचा वास लागलेला. कुत्र्यासाठी यापेक्षा मोठं आमंत्रण नाही. झाकणाचा डबा हा यावरचा सोपा उपाय. दूर्वांची मात्र काळजी नको. कुत्री त्या आवडीने खातात.

कुंपणाला लागून गुंज किंवा एरंड उगवला असेल तर तो काढलेला बरा. दोन्हींच्या बिया अखंड गिळल्या तर पुष्कळदा तशाच बाहेर पडतात, चावून फुटल्या तर मात्र अत्यंत विषारी. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात कुंपणावर चढणारी देखणी कळलावीही याच प्रकारात मोडते. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं.

सदाफुलीचं उदाहरण मोठं चमत्कारिक आहे. तिच्यातल्या अल्कलॉइडपासून व्हिनक्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध मिळतं. भटक्या कुत्र्यांत आढळणाऱ्या जननेंद्रियांच्या संसर्गजन्य गाठीवर पशुवैद्य हेच औषध वापरतात. आणि तीच सदाफुली कुत्र्याने पोटभर खाल्ली तर उलट्या, जुलाब, रक्तदाब उतरणं आणि गंभीर प्रसंगी झटके. पानं कडू असल्यामुळे प्राणी ती सहसा फार खात नाहीत, पण ससा पाळलेला असेल तर विचार करावा. सशाला उलटी करताच येत नाही, पोटात गेलेलं तिथेच राहतं.

अळूच्या घराण्यातली झाडं

घरातल्या कुंड्यांमध्ये सर्वाधिक संख्या याच घराण्याची: मनीप्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम, पीस लिली, झेडझेड प्लांट आणि डायफेनबेकिया. यांचं विष समजून घ्यायला मराठी घरात वेगळा धडा लागत नाही. अळूची भाजी नीट शिजली नाही किंवा चिंच-आमसूल घालायचं राहिलं तर घशाला खाज सुटते, तेच हे. या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक गठ्ठ्याने भरलेले असतात. पान चावलं की ते जिभेत आणि हिरड्यांत टोचतात. कुत्रा किंवा मांजर लाळ गाळतं, पंजाने तोंड घासतं, कधी ओकतं आणि पान सोडून देतं. म्हणूनच 'आमचा मनीप्लांट दहा वर्षं आहे' हे विधान बहुतेक घरांत खरं असतं. जीव सहसा जात नाही. डायफेनबेकियाचा त्रास मात्र इतरांपेक्षा तीव्र असतो. घशाला सूज येऊन श्वास अडू शकतो, म्हणून लहान पिल्लं असलेल्या घरात तो टाळावा.

मनीप्लांट टांगत्या कुंडीत नेला की कुत्र्याचा प्रश्न मिटतो. मांजरासाठी उंची हा अडथळा नसून निमंत्रण असतं. तिथे झाड बंद दाराआड किंवा जाळीबाहेर ठेवावं लागतं.

कोरफड, स्नेक प्लांट, जेड, पानओवा आणि गवती चहा यांनीही मुख्यतः उलट्या-जुलाब होतात. कोरफडीतला त्रासदायक भाग सालीखालचा पिवळसर चीक आहे. ही झाडं हाताशी हवीत पण तोंडाशी नकोत, इतकी खबरदारी पुरते.

नावावर जाऊ नका

नर्सरीत सगळ्यात मोठा घोळ नावांचा होतो. 'पाम चालेल' असं ऐकून गेलेला माणूस अरेकाऐवजी सायकस घेऊन येतो. अरेका पाम निर्धोक, सायकस सगळ्यात घातक. 'लिली' नावाखाली खरी लिली येते, मूत्रपिंडांना धक्का न लावणारी पण तोंड सोलणारी पीस लिली येते आणि कॅना लिली म्हणजे आपली कर्दळही येते, जी कुत्र्या-मांजरांना चालते. खरा बांबू बिनविषारी आहे. काचेच्या भांड्यात पाण्यात उभा असणारा 'लकी बांबू' हा बांबूच नाही, तो ड्रेसिना आहे आणि मांजराला त्याने उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. बॉस्टन फर्न चालतो, अस्परागस फर्न हा फर्न नसून शतावरीचा भाऊबंद आहे आणि त्याची लाल फळं पोट बिघडवतात. मोगरा, जाई, जुई सुरक्षित. इंग्रजीत 'नाइट जस्मिन' म्हटली जाणारी रातराणी विषारी.

म्हणून खरेदी करताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव विचारावं आणि कुंडीवर लिहून घ्यावं. ते हाती असलं की शोधणं सोपं जातं. अमेरिकेतली एएसपीसीए ही १८६६ साली स्थापन झालेली प्राणी-कल्याण संस्था विषारी आणि बिनविषारी झाडांची मोठी यादी चालवते आणि ती कोणालाही मोफत पाहता येते. मात्र ती तिकडच्या घरांतली झाडं समोर ठेवून केलेली आहे. आपल्याकडची कित्येक झाडं तीत नाहीत. नाव सापडलं नाही याचा अर्थ झाड सुरक्षित आहे असा होत नाही.

मग लावायचं काय?

पुष्कळ काही. दिवाणखान्यात मोठं झाड हवं असेल तर अरेका किंवा बांबू पाम. कमी उजेडाच्या कोपऱ्यात कॅलाथिया, पेपेरोमिया, बॉस्टन फर्न. टांगायला स्पायडर प्लांट. मांजरांना त्याची लांब पानं इतकी आवडतात की झाड कुरतडलेलंच दिसतं, जास्त खाल्लं तर ती ओकतात, पण विषबाधा होत नाही. खिडकीत मांसल पानांचं काही हवं तर जेडऐवजी हवॉर्थिया किंवा एचेवेरिया. हे दोन्ही कोरफडीसारखेच कणखर असतात आणि पाणी विसरलं तरी तग धरतात.

गॅलरीत आणि अंगणात मोगरा, जाई-जुई, गुलाब, जरबेरा, सूर्यफूल, कर्दळ, केळ. गुलाबाला काटे आहेत एवढंच. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोथिंबीर चालते. कांदा आणि लसणाच्या कुंड्या मात्र उंचावर, कारण दोन्हींमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि मांजर त्याला कुत्र्यापेक्षाही जास्त बळी पडतं. टोमॅटोची पानं आणि हिरवी फळंही खाऊ देऊ नयेत.

मांजर असेल तर सगळ्यात उपयोगी कुंडी तिची स्वतःची असावी. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात तसे मूठभर गहू भिजवून पसरट भांड्यात मातीवर पसरायचे. आठवड्याभरात बोटभर हिरवं गवत तयार होतं. दहा-बारा दिवसांनी पातं पिवळं पडू लागलं की दुसरं भांडं पेरायचं. बुरशी दिसली तर आधीच फेकायचं. चघळायला हक्काचं गवत मिळालं की बरीच मांजरं बाकीच्या कुंड्यांकडे कमी वळतात.

धोका कुंडीच्या मातीतही

झाड निवडताना चोख राहिलेली घरं खताच्या पिशवीपाशी चुकतात. सेंद्रिय खत म्हणून वापरली जाणारी एरंडीची पेंड कुत्र्यांना खाद्यासारखी लागते. तेल काढताना उष्णता पुरेशी मिळाली नसेल तर तिच्यात एरंडाच्या बीमधलं रायसिन हे विष शिल्लक असतं. बोनमील घातलेल्या कुंड्याही कुत्री उकरतात आणि मिश्र खतात या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. घरात कुत्रा असेल तर शेणखत किंवा गांडूळखत वापरणं सोयीचं. पावसाळ्यात गोगलगायी मारायला टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी कुत्र्याला काही तासांत झटके येऊ शकतात. तिथे रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचणंच बरं. आणि मे महिन्यात आंब्याच्या कोयी उचलून टाकाव्यात. त्या विषारी नाहीत, पण कुत्र्याने गिळलेली कोय आतड्यात अडकली की ती काढायला शस्त्रक्रिया लागते.

खाल्लंच तर काय करायचं?

तोंडात उरलेला पाला आधी काढावा. मनीप्लांट, डायफेनबेकिया यांसारखं काही असेल तर ओल्या फडक्याने तोंड पुसून थोडं पाणी किंवा चमचाभर दही चाटू द्यावं. श्वास घरघरत असेल, जीभ सुजली असेल तर काहीही भरवत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

घरी उलटी करवू नये. मिठाचं पाणी पाजण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याने रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की मूळ झाडापेक्षा मीठच घातक ठरतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला जखमा होतात. उलटी करवायची का, हे पशुवैद्यालाच ठरवू द्यावं, कारण ते काय खाल्लं आणि किती वेळ झाला यावर अवलंबून असतं.

लिली, सायकस, कण्हेर, बिट्टी, रुई, गुंज, एरंड यांपैकी काही खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट पाहू नये. दवाखान्यात फोन करून निघावं, म्हणजे सलाइन आणि खाट तयार राहते. सोबत झाडाची फांदी किंवा स्पष्ट फोटो, उलटी झाली असल्यास तिचा फोटो, खाल्ल्याची अंदाजे वेळ आणि प्राण्याचं वजन. तीन किलोचं मांजर आणि तीस किलोचा कुत्रा यांचा हिशोब वेगळा असतो आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. रात्री उघडा असणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला तर त्या रात्रीचा अर्धा तास वाचतो.